गणपतीला पहिल्यांदाच स्वतःच्या गाडीने गावी जाताय? शेवटच्या चार किलोमीटरपासून आखणी करा

डोंबिवलीहून देवगड तालुक्यातलं आमचं गाव साधारण साडेचारशे किलोमीटर. लहानपणी एसटीने जायचो, नंतर कोकण रेल्वेने, आणि गेली सात वर्षं दर गणपतीला स्वतःच्या गाडीने जातो. गाडीत मी, बायको, दोन मुलं आणि माझी आई. आईचं वय आता ७४.

पहिल्या वर्षी मी माझ्या मते सगळी तयारी केली होती. गाडी सर्व्हिसिंग करून आणली, टाकी फुल केली, वाटेतली हॉटेलं शोधून ठेवली. चतुर्थीच्या आदल्या दिवशी पहाटे दोनला निघालो. संध्याकाळी गणपतीच्या शाळेतून, म्हणजे मूर्तिकाराच्या कारखान्यातून, मूर्ती आणायला मी घरी असेन, असा हिशोब होता. माणगावच्या अलीकडे-पलीकडे मिळून चार तास गेले. नांदगाव तिठ्याला, जिथे आम्ही हायवे सोडतो, वळलो तेव्हा रात्रीचे साडेआठ वाजून गेले होते, पाऊस कोसळत होता आणि पुढच्या गावांतली लाईट गेलेली. फोनमधल्या नकाशाने आमच्या वाडीचा म्हणून जो रस्ता दाखवला, ती निघाली बैलगाडीची पाणंद. ती व्हाळावरच्या (ओढ्यावरच्या) साकवापाशी संपली, आणि साकवावरून माणूस जातो, गाडी नाही. वळवायला जागा नव्हती. दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाचे गडगे, खाली लाल चिखल. आई छत्री आणि बॅटरी घेऊन उतरली, मागे चालत "डावीकडे घे, अजून डावीकडे" सांगत राहिली आणि मी तीनशेएक पावलं गाडी रिव्हर्स घेतली. घरी पोचलो तेव्हा मूर्ती पाटावर बसलेली होती. आमच्याकडे मूर्ती डोक्यावरून आणतात. काकांचा खांदा त्या वर्षी दुखत होता, तरी ती त्यांनी एकट्यानेच आणली होती.

तेव्हापासून मी आखणी उलट्या बाजूने करतो. आधी घराजवळचे शेवटचे चार किलोमीटर, मग हायवे, आणि सगळ्यात शेवटी निघायची वेळ. त्यानंतर आम्ही एकदाही काळोखात पोचलेलो नाही. ज्यांनी नुकतीच गाडी घेतलीय आणि यंदा ती गावी न्यायचा विचार आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. उदाहरणं सिंधुदुर्गातली आहेत. रत्नागिरी-रायगडवाल्यांनी आपापला फाटा धरून वाचावं.

१. आधी गावी फोन करा, नकाशा नंतर उघडा

निघायच्या आठ-दहा दिवस आधी एक फोन आणि निघायच्या आदल्या दिवशी दुसरा. "रस्ता कसा आहे?" असं मोघम विचारू नका. गावातलं माणूस "बरो आसा" म्हणणार, कारण ते रोज दुचाकीने किंवा चालत जातं. नेमकं विचारा:

- हायवे सोडल्यावर आपल्या फाट्याची खूण काय? पाटी यंदा जागेवर आहे का? नसेल तर शेड, देऊळ, वडाचं झाड, काहीतरी.
- वाटेत व्हाळ किंवा कॉजवे कुठे आहे? त्यावर पाणी चढतं का, आणि चढलं तर किती वेळ राहतं?
- पाणीयोजनेच्या पाइपसाठी कुठे रस्ता खणलाय का? खणून नुसती माती लोटलेला चर वरून सपाट दिसतो आणि चाक पडलं की आत जातं.
- गाडी घरापर्यंत येते का? येत नसेल तर कुणाच्या खळ्यात (अंगणात) लावायची, आणि त्यांना सांगून ठेवलंय का?

काकांनी दुसऱ्या वर्षी मला फोनवर एवढंच सांगितलं होतं, "व्हाळाक पाणी इलां तर गाडी तिठ्यारच ठेव. आणि काळोख होवच्या आधी ये." सगळी आखणी या दोन वाक्यांवर उभी राहते.

आणखी एक काम. घरातल्या कुणाला तरी खळ्यात उभं राहून व्हॉट्सॲपवर लोकेशन पाठवायला सांगा. नुसतं गावाचं नाव टाकलं की नकाशा तुम्हाला ग्रामपंचायतीजवळ कुठेतरी नेऊन सोडतो, आणि कोकणातलं गाव म्हणजे दोन-तीन किलोमीटरवर पसरलेल्या वाड्या. शिवाय तो भाग फोनमध्ये ऑफलाइन उतरवून ठेवा, कारण हायवे सोडला की रेंज येते-जाते. शेवटची वळणं कागदावरही लिहा आणि कागद शेजारी बसणाऱ्याच्या हातात द्या.

२. निघायची वेळ उजेडातून मागे मोजा

सप्टेंबरच्या सुरुवातीला सिंधुदुर्गात साडेसहा-पावणेसातला सूर्य मावळतो. आभाळ भरलेलं असेल तर सहालाच अंधारून येतं. आमचं घर नांदगाव तिठ्यापासून तासाभराचं. म्हणून हायवे सोडायची वेळ मी दुपारी चार धरतो, फार तर साडेचार. एरवी डोंबिवली ते नांदगाव मला थांबे धरून दहा तास लागतात. पहिलं वर्ष सोडलं तर गणपतीच्या गर्दीत बारा लागलेत आणि पंधराही. बाराचा हिशोब धरला तर पहाटे चारला निघायला हवं. पंधराचा धरला तर एका दिवसात उजेडी पोचणं होतच नाही. तेव्हा चतुर्थीच्या आधीचे दोन दिवस रस्त्यावर असू नका.

२०२६ मध्ये चतुर्थी १४ सप्टेंबरला, सोमवारी आहे. म्हणजे शुक्रवारी ऑफिस सुटल्यापासून रविवारपर्यंत सगळी मुंबई आणि ठाणे एकाच रस्त्यावर उतरणार. एक दिवसाची रजा जास्त टाकता आली तर गुरुवारी पहाटे निघा. रजा मिळतच नसेल तर प्रवास दोन दिवसांत करा. शनिवारी चिपळूणपर्यंत जा, तिथे मुक्काम, रविवारी सकाळी पुढे. खोली महिनाभर आधी सांगून ठेवावी लागते, आयत्या वेळी मिळत नाही.

"रात्री निघू, रस्ता मोकळा मिळेल" या सल्ल्यात नवखे हमखास अडकतात. सगळेच तसं ठरवतात, त्यामुळे रस्ता मोकळा नसतो. पावसाळ्यात गुरं कोरड्या डांबरावर येऊन बसतात आणि काळी म्हैस हेडलाइटमध्ये अगदी जवळ आल्यावर दिसते. पाण्याने भरलेला खड्डा रात्री सपाट रस्त्यासारखा चमकतो. आणि दिवसभर काम करून दहाला निघालेल्या माणसाच्या डोळ्यांवर पहाटे तीनच्या सुमारास झापड येतेच, त्यावर चहाचा उपाय चालत नाही. आदल्या रात्री नऊला झोपा, साडेतीनला उठा, चारला निघा. सामान आदल्या संध्याकाळीच गाडीत गेलेलं हवं.

३. गाडीत कोण बसणार, हे मोकळेपणाने बोलून घ्या

लायसन मिळून वर्ष झालं नसेल, घाट कधी चालवला नसेल आणि गाडीत दुसरा चालक नसेल, तर यंदा गाडी नेऊ नका. हे मी मनापासून सांगतोय. मे महिन्यात एकदा कोरड्या रस्त्यावर गाडी नेऊन आणा, मग गणपतीचं बघा.

आईवडिलांना गुडघ्यांचा, पाठीचा किंवा लघवीचा त्रास असेल तर त्यांना रेल्वेने पाठवणं जास्त सुखाचं. नांदगाव रोड, वैभववाडी रोड, कणकवली ही स्टेशनं देवगडकरांना सोयीची. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि गणपतीच्या गाड्या काही मिनिटांत भरतात, म्हणून तारीख आधीच वहीत लिहून ठेवा. दोन वर्षं आम्ही आईला माझ्या बहिणीबरोबर रेल्वेने पाठवलं आणि स्टेशनवर मी गाडी घेऊन उभा राहिलो. आई त्या वर्षी पोचल्या पोचल्या काकीबरोबर मोदकांचं सारण करायला बसली. गाडीने आली की पहिला दिवस तिचा पाय वर ठेवून पडण्यात जातो.

ती गाडीत असेल तेव्हा तिची जागा पुढे, चालकाच्या शेजारी. सीट मागे सरकवून, पायाखाली एक छोटी पिशवी.

४. गाडी पंधरा दिवस आधी दाखवा

आदल्या दिवशी दाखवून काही मिळालं तर पार्ट मिळत नाही. मेकॅनिकला स्पष्ट सांगा की कोकणात घाटाने, भर पावसात, पूर्ण भरलेली गाडी जाणार आहे. मग तो ब्रेक पॅड, कूलंट, बॅटरी आणि क्लच नीट बघतो.

टायर स्वतः बघा. कायद्याने नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर लागते, पण पावसात एवढी झिजलेली टायर नेऊ नये. झीज नक्षीमधल्या खुणेच्या जवळ आली असेल तर बदला. हवा किती भरायची ते चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतं, आणि भरलेल्या गाडीसाठी आकडा वेगळा असतो. हा वेगळा आकडा बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. स्टेपनीची हवा मोजून घ्या. जॅक आणि पाना आहेत का नुसतं बघू नका, घरासमोर एकदा चाक खोलून लावा. आमच्या पान्याला नट बसत नव्हते, ते मला इमारतीखाली कळलं म्हणून बरं झालं.

वायपरची रबरं नवी टाका. काही शे रुपयांचं काम आहे आणि सगळ्यात जास्त उपयोगाचं. काच आतून धूसर होते तेव्हा एसी चालू करून हवेचा झोत काचेवर सोडायचा असतो, हे बटण नवीन गाडीत कुठे आहे ते आधीच शोधून ठेवा.

सीएनजीवाल्यांनी नोंद घ्यावी: हायवेला पंप आहेत, पण गणपतीत रांगा लांब लागतात. पेट्रोलची टाकी भरून ठेवा आणि रांग दिसली तर पेट्रोलवर पुढे चला. सिलिंडरची तपासणी दर ३ वर्षांनी लागते, तिची तारीख उलटलेली नाही ना तेही पाहा.

५. कागदपत्रं आणि टोलचा पास

- लायसन (दुसरा चालक असेल तर त्याचंही)
- आरसी, चालू विमा, पीयूसी
- फास्टॅग, त्यात पुरेशी रक्कम आणि केवायसी पूर्ण
- सगळ्यांची आधार कार्डं, आईवडिलांची औषधाची चिठ्ठी
- गणेशोत्सवाचा टोलमाफी पास

डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ॲपमधली कागदपत्रं चालतात, पण फोन भिजतो, चार्जिंग संपतं. एक झेरॉक्स संच प्लास्टिकच्या पाकिटात घालून डॅशबोर्डच्या खणात ठेवा. गाडी भावाची किंवा मित्राची नेत असाल तर विम्याची मुदत स्वतः वाचा, त्याच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

कोकणात जाणाऱ्या गणेशभक्तांसाठी राज्य सरकार दरवर्षी ठरावीक दिवसांपुरती टोलमाफी जाहीर करतं. पास आरटीओ, वाहतूक पोलीस चौकी आणि पोलीस ठाण्यात मिळतो. त्यावर गाडीचा नंबर असतो आणि परतीलाही तोच चालतो, म्हणून गावी पोचल्यावर फाडून टाकू नका. एक्स्प्रेस-वेने पुणे-कोल्हापूरमार्गे जाणाऱ्यांना त्याचा फायदा जास्त. फास्टॅगमधून पैसे आपोआप वजा होतात, त्यामुळे नाक्यावर पास आधीच हातात धरून दाखवा.

रोख पैसे ठेवा, सुट्टे जास्त. पंक्चरवाल्याकडे रेंज नसेल तर फोनवरून पैसे जात नाहीत.

६. सामान: मागची काच मोकळी राहिली पाहिजे

डिकीत मखर, कपडे, पडदे, लाइटच्या माळा, मुंबईहून मागवलेलं वाणसामान. सगळं भरल्यावर आरशातून मागचं दिसत नसेल तर काहीतरी काढा. जड वस्तू खाली, मागच्या सीटला टेकून. वरच्या कॅरिअरवर बोजा बांधलात तर ताडपत्री चारही बाजूंनी आत दुमडा, एक कोपरा सुटला की चाळीस किलोमीटर फडफडत राहतो.

काय न्यायचं तेही गावी विचारून ठरवा. एका वर्षी आम्ही इथून पाच किलो तांदळाचं पीठ नेलं आणि काकीने घरच्या तांदळाचं आधीच दळून ठेवलं होतं. पेणला रस्त्यातच मूर्ती घ्यायची असेल तर ती दोन माणसांच्या मध्ये, मागच्या सीटवर, खाली जाड रजई आणि बाजूंनी उशा देऊन बसवा. डिकीत ठेवू नका. खड्ड्याचा धक्का डिकीत सगळ्यात जास्त बसतो. पण गावच्या शाळेत नाव घातलेलं असेल तर मूर्ती तिथलीच घ्या. मूर्तिकार चार महिने तुमच्या घरच्या गणपतीसाठी पाट राखून असतो.

वेगळी पिशवी, हाताशी: औषधं, बॅटरी, दोन छत्र्या, टॉवेल, पिण्याचं पाणी, दोरी, जुनी गोणपाटं दोन. गोणपाटं कशाला ते पुढे येईल.

७. हायवेचे टप्पे ओळखून ठेवा

राष्ट्रीय महामार्ग ६६, जुना १७ नंबर, पनवेलजवळ पळस्प्याला सुरू होतो. रुंदीकरणाचं काम दहा वर्षांहून जास्त काळ चाललंय, त्यामुळे हा रस्ता सगळीकडे सारखा नाही. कुठे चौपदरी काँक्रीट, कुठे एकाच बाजूने दोन्हीकडची वाहतूक. ज्या वर्षी जाल त्या वर्षीची परिस्थिती निघण्याआधी दोन-तीन दिवसांत जाऊन आलेल्या माणसाकडून घ्या.

पळस्पे ते माणगाव. वडखळला अलिबागचा फाटा फुटतो, तिथपर्यंत शनिवार-रविवारी अलिबागची गर्दीही तुमच्या रस्त्यावर असते. खरी कसोटी इंदापूर आणि माणगावात. हायवे बाजारपेठेतून जातो, रिक्षा आणि एसटी मधेच थांबतात. इथे डावी-उजवी करत पुढे घुसू नका. दोन गाड्या समोरच्या लेनमध्ये शिरल्या की दोन्ही बाजू बंद पडतात, तासन् तास. पहाटे चारला डोंबिवलीहून निघालात तर माणगाव सकाळी सातच्या आत मागे टाकता येतं. या प्रवासात मी गाठायची वेळ म्हणून एकच वेळ पाळतो, ती माणगावची.

महाड, पोलादपूर, कशेडी. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला आणि दोन एसट्यांसह गाड्या नदीत गेल्या. नवा पूल २०१७ मध्ये झाला. तिथून जाताना आई अजूनही हात जोडते. पुढे पोलादपूर आणि खेड यांच्यामधला कशेडी घाट. आता बोगदा झालाय आणि वेळ बराच वाचतो. बोगद्यात शिरताना दिवे लावा, गॉगल काढा, ओव्हरटेक करू नका.

खेड ते चिपळूण. परशुराम घाट मोठा नाही, पण जोराच्या पावसात त्याची माती उतरते आणि वाहतूक थांबवावी लागते. थांबवली तर थांबा. ॲप दाखवेल ती आतली वाट पकडू नका, ती अरुंद असते आणि तिथे पन्नास गाड्या तुमच्यासारख्याच आलेल्या असतात.

चिपळूण ते हातखंबा. आरवली, संगमेश्वर हा पट्टा कामात सगळ्यात जास्त रेंगाळला. अचानक डायव्हर्शन येतं, फलक वळणावरच असतो. पुढच्या गाडीपासून अंतर ठेवा.

लांजा, राजापूर, खारेपाटण, तळेरे, नांदगाव. खारेपाटणला सिंधुदुर्ग जिल्हा लागतो, रस्ता रुंद आणि गुळगुळीत होतो. नवखा चालक नेमका इथे वेग वाढवतो, कारण बारा तासांनी मोकळा रस्ता मिळालेला असतो आणि घर जवळ आलेलं असतं. पण शरीर दमलेलं असतं आणि मधल्या कटमधून दुचाकी, गुरं, शाळेची मुलं कधीही येतात. राजापूरला पंधरा मिनिटं थांबून चालक बदला.

दुसरा पर्याय म्हणजे पुणे, सातारा, कोल्हापूरमार्गे येऊन गगनबावड्याहून करूळ किंवा भुईबावडा घाटाने, नाहीतर राधानगरीवरून फोंडा घाटाने उतरायचं. अंतर वाढतं, पण अनेकदा वेळ तेवढाच लागतो. या घाटांत धुकं दाट असतं आणि दरडीमुळे किंवा कामामुळे ते बंद होतात. करूळ बराच काळ बंद होता. कोल्हापूर सोडण्याआधी चौकशी करा, आणि दुपारी तीननंतर हे घाट नवख्याने उतरू नयेत.

८. पाऊस आणि घाट

२०२५ मध्ये चतुर्थी २७ ऑगस्टला होती, २०२३ मध्ये १९ सप्टेंबरला. तीन आठवड्यांचा हा फरक पावसात चांगलाच जाणवतो. ऑगस्टातली चतुर्थी असेल तर हाताशी एक दिवस जास्त ठेवा.

जोराच्या पावसात वेग साठच्या खाली आणा. रस्त्यावर साचलेल्या पाण्यावर टायर तरंगतात, स्टिअरिंग एकदम हलकं लागतं. अशा वेळी ब्रेक दाबू नका. ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा. चालत्या गाडीत चारही इंडिकेटर लावून जाणारे खूप दिसतात. तसं करू नका, मागच्याला तुम्ही वळताय की थांबलाय ते कळत नाही. साधे हेडलाइट पुरेत.

घाट उतरताना, चढताना जो गिअर लागला असता तोच ठेवा. न्यूट्रलवर गाडी सोडू नका, पेट्रोल वाचत नाही आणि ब्रेक तापून धरेनासे होतात. जळका वास आला तर रुंद जागा बघून वीस मिनिटं थांबा. अरुंद वळणावर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची असते. ती थांबली तर परत उचलताना मागे सरकते.

पुलावरून किंवा कॉजवेवरून पाणी वाहत असेल तर कितीही कमी वाटलं तरी गाडी घालू नका. गुडघाभर वाहतं पाणी छोट्या गाडीला ढकलायला पुरतं, आणि खालचा रस्ता जागेवर आहे की नाही हे वरून दिसत नाही. पलीकडून कुणी "चला, चला" म्हणत असेल तरीसुद्धा. व्हाळाचं पाणी पाऊस थांबल्यावर बहुधा दोन-तीन तासांत उतरतं.

फोनमध्ये सेव्ह करा: मदतीसाठी ११२, रुग्णवाहिका १०८, राष्ट्रीय महामार्गाची मदतवाहिनी १०३३.

९. थांबे, खाणं आणि गाडी लागणं

दर दोन तासांनी थांबा, कंटाळा आला नसला तरी. आई उतरून पाच मिनिटं चालली की तिच्या पायांची सूज कमी राहते. बायका वाटेत स्वच्छतागृह मिळणार नाही म्हणून पाणीच पीत नाहीत, आणि संध्याकाळी डोकं दुखतं, लघवीला जळजळ होते. मोठ्या पेट्रोलपंपावर डिझेल-पेट्रोल भरताना स्वच्छतागृह आहे का विचारा आणि जिथे मिळेल तिथे सगळ्यांनी जाऊन या. गणपतीच्या दिवसांत प्रशासन हायवेवर सुविधा केंद्रं उभारतं. तिथे प्रथमोपचार मिळतो, मेकॅनिक असतो, अंगावर पिणाऱ्या बाळांसाठी आडोसा असतो. संकोच न करता थांबा.

सकाळचं खाणं घरून न्या. आम्ही घावणे आणि लसणीची चटणी नेतो, तेल गळत नाही आणि आईला पचतं. दुपारचं जेवण हलकं. चालकाने भात-आमटी पोटभर जेवून लगेच स्टिअरिंगवर बसू नये.

मुलांना गाडी लागत असेल तर खिडकीकडे, समोर बघत बसवा आणि फोन काढून घ्या. आवळासुपारी, आल्याची वडी उपयोगी पडते. गोळी द्यायची तर डॉक्टरांना विचारून, निघण्याआधी द्यावी लागते, उलटी सुरू झाल्यावर नाही. पिशव्या सीटच्या खिशात, डिकीत नाही.

१०. शेवटचे चार किलोमीटर

गावच्या तिठ्यावर पोचलात की थांबा. घरी फोन लावा. व्हाळाला पाणी आहे का, समोरून एसटी येण्याची वेळ आहे का, ते विचारा. एकेरी रस्त्यावर एसटी समोर आली तर मागे यावं लागतं ते तुम्हालाच. शक्य असेल तर घरच्या माणसाला दुचाकीवरून बोलावून घ्या आणि त्याच्या मागून चला. काका आता दरवर्षी म्हणतात, "तिठ्यार थांब, मी येतंय." त्यांच्या मागच्या दिव्यावर नजर ठेवून शेवटचा टप्पा किती सोपा होतो ते सांगता येणार नाही.

बाजूला वाट देताना चाक डांबराच्या खाली उतरवताय तर आधी बघा. हिरवं गवत दिसतं, त्याखाली गटार असतं. चिखलात चाक फिरायला लागलं की ॲक्सिलरेटर दाबू नका, गाडी आणखी खाली बसते. उतरून चाकापुढचा चिखल हाताने काढा, ती दोन गोणपाटं घडी घालून चाकाखाली सरकवा, दुसऱ्या गिअरमध्ये हळू बाहेर या. मागे कुणाला उभं करू नका, गोणपाट उडतं.

घराजवळचा चढ जांभ्याचा किंवा सिमेंटचा असेल आणि त्यावर शेवाळ असेल तर माणसं आणि जड सामान खाली उतरवा, मग गाडी चढवा. चढत नसेल तर हट्ट नको, शेजाऱ्याच्या खळ्यात लावा.

गाडी लावताना वर बघा. माडाखाली लावू नका. नारळ तर पडतोच, पण वाळलेली झावळी पडली तरी काच जाते. फणसाखालीही नको, वाऱ्याने फांदी मोडते. गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावा. चार-पाच दिवस उभी राहणार असेल तर एक दिवसाआड सुरू करा आणि त्याआधी बॉनेट उघडून बघा. पावसात उबेला उंदीर येतात आणि वायरी कुरतडतात. रात्री गाडीकडे जाताना बॅटरी आणि पायात चप्पल हवीच, पावसाळ्यात जनावरं, म्हणजे साप, बाहेर असतात.

११. परतीचा प्रवास

पाच दिवसांचे गणपती आणि गौरी-गणपती विसर्जन झालं की दुसऱ्या दिवशी सगळे निघतात. एक दिवस मागे राहता आलं तर राहा. चालकाने विसर्जनाच्या रात्री भजनाला जागून पहाटे गाडी काढू नये. जागायचं तर निघणं पुढे ढकला.

परतीला गाडी येतानापेक्षा जड होते. तांदूळ, कुळीथ, कोकमं, तवशी, नारळ. नारळ सोललेले मागा. सोडणासकट पन्नास नारळांना जी जागा लागते तिच्यात सोललेले दुपटीने बसतात, आणि काका आदल्या संध्याकाळी खळ्यात बसून ते सोलून देतात. टायरची हवा पुन्हा मोजा, ब्रेक चिखलातून आलेत म्हणून पहिल्या किलोमीटरला दोनदा हळूच दाबून बघा.

आणि निघण्याआधी, उजेडात, तिठ्यापर्यंतच्या रस्त्यात यंदा काय बदललं ते वहीत लिहून ठेवा. आमच्या वहीतली शेवटची नोंद आईने सांगितलेली आणि मुलीने लिहिलेली आहे: "चिंचेजवळचा चढ सिमेंटचा झाला. व्हाळावरचा कठडा डावीकडून तुटलाय, उजवीकडून जायचं. फाट्याची पाटी पडलीय, शेडला निळा रंग दिलाय."